मुरूड म्हणजे लातूरचे नव्हे

आमच्या युसूफ वडगावात 'मुरूडला निघालो' असे म्हटले की समोरचा विचारतो, बाजाराला का पाहुण्यांकडे? कारण आमच्या ओळखीचे मुरूड लातूर जिल्ह्यातले. केजवरून तिकडे जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येते. समुद्र असलेले मुरूड रायगड जिल्ह्यात आहे, इथून साधारण साडेचारशे किलोमीटर. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात समुद्र ही वस्तू कॅलेंडरवरच्या चित्रातली. जुन्या हाजींनी तेवढा तो पाहिला होता. मुंबईहून बोटीने हजला जाण्याची सोय १९९५ पर्यंत होती आणि त्या प्रवासाचे किस्से आम्ही लहानपणी मशिदीच्या ओट्यावर बसून ऐकले आहेत. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून गाडी ठरवली तेव्हा ठिकाणावरून वाद झाला नाही. समुद्र हवा होता आणि जंजिरा पाहायचा होता.

कळंब, बार्शी, टेंभुर्णी, पुणे आणि पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगाव. तिथून म्हसळ्यावरून दिघीला गेलो. दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्ये राजपुरीची खाडी आहे. ती ओलांडायला मोठी सपाट बोट असते, तिला तिकडे 'जंगल' म्हणतात. गाडीसकट माणसे तिच्यावर चढतात. वाळूवरून पहिल्यांदा समुद्र पाहण्यापेक्षा असा पाण्यावरून त्याच्या गावात शिरण्याचा मार्ग आम्हाला जास्त आवडला. अलिबागकडून येणाऱ्यांना काशीदचा किनारा आणि नांदगाव वाटेत लागते, तीही वाट सुंदर आहे. मुंबईकरांना गेटवेवरून मांडव्याला लाँचने येऊन पुढे एसटी मिळते.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला. जझीरा म्हणजे बेट. पुष्कळ जण मुरूड आणि जंजिरा एकच समजतात. मुरूड हे किनाऱ्यावरचे गाव, जुन्या संस्थानची राजधानी. किल्ला त्याच्या दक्षिणेला, राजपुरी गावासमोर समुद्रात. मुरूडहून राजपुरी चार-पाच किलोमीटर आणि तिथून किल्ल्यापर्यंत शिडाची होडी.

या बेटावर पहिली वस्ती कोळ्यांची. पंधराव्या शतकात राम पाटील नावाच्या कोळी नाईकाने समुद्री लुटारूंपासून बचाव म्हणून इथे लाकडी मेढेकोट उभारला होता. तो प्रबळ झाला तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीने पिरमखान या सरदाराला पाठवले. पिरमखान व्यापारी बनून आला, कोळ्यांना दारूची पिंपे भेट दिली, ते झिंगल्यावर बेट ताब्यात घेतले, अशी गोष्ट सांगतात. गाइड ती फार रंगवून सांगतात. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांना ती मुळीच आवडली नाही. दारू पाजून जिंकलेल्या किल्ल्याचा अभिमान कसला, असे ते होडीतच म्हणाले. त्यांचे म्हणणे आम्हालाही पटले.

आज दिसतो तो दगडी कोट पुढे बुऱ्हाणखानाने बांधला, १५६७ ते १५७१ या काळात. ही सनावळी ऐकून आमचे कान टवकारले, कारण १५६७ हे साल आमच्या घरातले आहे. केजच्या शेजारच्या धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किशवरखानाने त्याच सुमारास बांधला आणि थोड्याच वर्षांत मुर्तझा निजामशाहाने तो जिंकून घेतला. ज्या मुर्तझाच्या अमलाखाली धारूर आले, त्याच्याच राज्यात समुद्रातला हा कोट उभा राहत होता. एक तटबंदी बालाघाटच्या डोंगरावर, दुसरी खाऱ्या पाण्यात, आणि दोन्हींचा हिशेब अहमदनगरच्या दरबारात. बीडची खजाना विहीरसुद्धा निजामशाहीतलीच. शाळेत आम्हाला हे तुकडे वेगवेगळे शिकवले गेले, म्हणून कोकण फार लांबचे वाटत राहिले.

किल्ला सांभाळणारे सिद्दी मूळचे हबशा म्हणजे आजच्या इथिओपियाच्या आणि पूर्व आफ्रिकेच्या बाजूचे. आपल्या वाचकांना हबशा परका नाही. मक्केत छळ झालेल्या पहिल्या मुसलमानांना हबशाच्या नजाशी राजाने आश्रय दिला, ती हिजरत इ.स. ६१५ ची. हजरत बिलाल (रजि.) हबशीच. पण दख्खनला आलेले बहुतेक हबशी पाहुणे म्हणून आले नाहीत, बाजारात विकले जाऊन आले. मलिक अंबर तसाच आला. हाताबदल होत होत निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद झाले. तिथल्या नहर-ए-अंबरीचे पाणी पिढ्यानपिढ्या लोक प्याले. १६२६ मध्ये तो वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. पुष्कळांना वाटते की जंजिरा त्यानेच बांधला. तसे नाही. जंजिऱ्याच्या इतिहासात येतो तो सिद्दी अंबर वेगळा.

जंजिऱ्याच्या सिद्द्यांची एक पद्धत आम्हाला विशेष वाटली. सुरुवातीच्या काळात प्रमुख वारला की गादी मुलाला मिळेलच असे नसे, आरमारातला सर्वांत वरचा सरदार प्रमुख होई. ज्यांना कुणी बापजाद्यांची जहागीर दिलेली नव्हती, त्यांनी असा नियम पाळला यात नवल नाही. पुढे नवाबी आली तशी घराणेशाहीही आली आणि तिच्याबरोबर वारसांची भांडणेही. अशाच एका भांडणातून १७९१ मध्ये एका दावेदाराला जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात सुरतेजवळची सचिनची जहागीर मिळाली. सचिनचे नवाब घराणे ते हेच.

किल्ल्याजवळ होडी येते तेव्हा दरवाजा दिसतच नाही. सलग काळा तट आणि त्याला आपटणारे पाणी. अगदी भिंतीशी गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशाला कमान उघडते. शत्रूच्या तोफेला दरवाजा सापडू नये म्हणून ही रचना. आत शिरताना भिंतीवर एक शिल्प आहे, वाघासारख्या प्राण्याने पंज्यांत आणि शेपटीत हत्ती धरलेले. मुले तिथे हत्ती मोजत बसली आणि मागची रांग खोळंबली. आत पीर पंचायतन आहे, मशीद आहे, सुरूलखानाच्या वाड्याच्या पडक्या भिंती आहेत. गाइड बावीसचा पाढा ऐकवतात, बावीस एकर, बावीस वर्षे, बावीस बुरूज. वर सांगितलेल्या सनावळीशी हा पाढा जुळत नाही, पण तो ते इतक्या ठेक्यात म्हणतात की अडवावेसे वाटत नाही.

तोफा मोठ्या आहेत. कलालबांगडी सर्वांत प्रसिद्ध, तिच्या जोडीला चावरी आणि लांडा कासम. फोटो तिथेच निघतात. आम्ही मात्र थांबलो गोड्या पाण्याच्या तलावांशी. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये दगडात बांधलेले दोन तलाव, पावसाच्या पाण्याने भरणारे. वेढे पडले ते याच पाण्यावर निभावले. आमच्याकडे बोअर आठशे फुटांवर कोरडे जाते. आमच्या बायका त्या तलावाच्या पायऱ्यांवर बसल्या त्या उठायला तयार होईनात.

परतीच्या होडीत आमच्यातल्या एका सातवीतल्या मुलीने प्रश्न विचारला. चौथीला तिने शिवछत्रपतींचा इतिहास पाठ केलेला. त्यात सिद्दी शत्रू. आणि इथे किल्ल्यात मशीद, पीर, फारसी अक्षरे. तिने विचारले, अब्बू, आपण कोणाच्या बाजूचे? होडीत दुसरीही माणसे होती. तिच्या वडिलांनी तिला गप्प केले नाही हे बरे केले. पण उत्तर द्यायला त्यांना रात्रीचे जेवण होईपर्यंत वेळ लागला, आणि ते उत्तर देताना आम्ही सगळेच शिकलो.

शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर अनेक मोहिमा केल्या. सिद्दीची लूटमार किनाऱ्यावरच्या रयतेला असह्य झाली होती. गावे जाळणे, माणसे पकडून नेणे हे त्याने केले आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जे स्वतः गुलाम म्हणून विकले गेले होते, त्यांच्याच वंशजांनी दुसऱ्यांच्या लेकरांना पकडावे, हे वाचताना जीव कळवळतो. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान महाराजांशी तह करून किल्ला द्यायला निघाला होता. त्याच्याच सरदारांनी, सिद्दी संबूल, कासम आणि खैर्यत यांनी, त्याला कैद केले आणि औरंगजेबाची चाकरी धरली. बादशहाने याकूतखान ही पदवी दिली. आधी निजामशाही, मग आदिलशाही, मग मोगल, असे धनी बदलत सिद्द्यांनी बेट टिकवले.

उलट बाजूला पाहावे तर महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रज आणि सिद्दी दोघांशी जो सामना झाला, त्यात मराठी आरमार चालवणारा तो मुसलमान होता. म्हणजे त्या पाण्यावर दोन्हीकडे कलमा पढणारे होते. आमच्या धारूरला तरी काय झाले? आदिलशाहाने बांधले आणि निजामशाहाने घेतले, मेले ते दोन्हीकडचे मुसलमान. लढाई होती मुलखाची, महसुलाची, समुद्रावरच्या परवान्यांची. त्या मुलीला तिच्या वडिलांनी एवढेच सांगितले की तू ज्यांची गावे जळली त्यांच्या बाजूची हो. ती म्हणाली, मग राम पाटलाच्या पण. हो, म्हणाले, त्याच्या पण.

जंजिरा कुणाला घेता आला नाही हे खरे. मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर कासा बेटावरचा पद्मदुर्ग दिसतो. तो महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर उभारला. त्याच्या रसदीत हयगय केली म्हणून जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले कडक पत्र प्रसिद्ध आहे. बखरीत लाय पाटलाची कथा येते. या कोळी वीराने रात्री होड्यांतून जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची कुमक वेळेत आली नाही आणि पहाट होताना त्याला परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगड टाकून वाट बांधायला घेतली. मोगली फौज स्वराज्यावर चालून आल्याने ते काम सोडावे लागले. राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून मधले अंतर डोळ्यांनी मोजले की त्या हिंमतीची कल्पना येते.

सिद्दीचे दुसरे एक काम आपल्या वाचकांना ठाऊक नसते. मोगलांचा आरमारप्रमुख म्हणून सुरतेच्या व्यापारी गलबतांबरोबर हाजींच्या जहाजांचे रक्षण करणे त्याच्याकडे होते आणि त्यासाठी सुरतेच्या महसुलातून त्याला रक्कम मिळे. याच सिद्दीने १६८९-९० मध्ये मुंबईवर उतरून ईस्ट इंडिया कंपनीला किल्ल्यात कोंडून धरले. इंग्रजांनी औरंगजेबाची माफी मागून दंड भरला तेव्हा सिद्दी मुंबईतून हलला.

याकूतखानाची कबर राजपुरीजवळ खोकरीला आहे. मुरूडला येणारे शंभरातले नव्वद जण तिकडे फिरकत नाहीत. दगडी घुमटांच्या तीन वास्तू, सर्वांत मोठी सिद्दी सुरूलखानाची, त्याने स्वतःच्या हयातीत बांधून घेतलेली. शेजारच्या दोन याकूतखान आणि त्याचा भाऊ खैर्यतखान यांच्या. जाळीच्या दगडी खिडक्या अजून शाबूत आहेत. तिकीट नाही, गर्दी नाही. आम्ही फातिहा पढलो आणि झाडाखाली बसून डबा खाल्ला. किल्ल्यावर जे पाऊण तासात धावपळीत पाहावे लागते ते इथे शांतपणे मनात उतरते. वेळ कमी असेल तर समुद्रकिनाऱ्यावरचा उंटाचा फेरा सोडा, खोकरी सोडू नका.

मुरूड गाव पुढे नवाबांनी सजवले. उत्तरेकडून गावात शिरताना टेकाडावर समुद्राकडे तोंड करून नवाबाचा राजवाडा उभा आहे, नवाब सिद्दी अहमदखान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. तो खाजगी मालकीचा असल्याने रस्त्यावरूनच पाहायचा. मोगली कमानी आणि विलायती मनोरे यांची ती सरमिसळ आम्हाला थोडी नाटकी वाटली, पण संध्याकाळच्या उन्हात वाडा देखणा दिसतो हे कबूल केले पाहिजे.

या वाड्याची बेगम होती नाझली. तिचे आणि तिच्या बहिणींचे नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवे होते. जोहरा, नाझली आणि अतिया, तिघी फैजी घराण्यातल्या, मुंबईच्या तय्यबजींच्या नात्यातल्या. अतिया १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेली. तिथली तिची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वान' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून येत असे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक मुसलमान मुलगी परदेशातून लिहिते आहे आणि पडद्यातल्या बायका ते घरी बसून वाचताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. नाझली बेगम १९०८ मध्ये नवाबांबरोबर युरोपच्या आणि तुर्कस्तानच्या प्रवासाला गेल्या आणि 'सैर-ए-युरोप' हे पुस्तक उर्दूत लिहिले. मौलाना शिबली नोमानी यांचा या बहिणींशी पत्रव्यवहार होता. पुढे नवाब आणि बेगम विभक्त झाले. मुरूडमध्ये नवाबांचे नाव निघते, बेगमेचे क्वचितच.

नवाबी काळातली आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट मात्र गारंबीची. गावामागच्या डोंगरात धरण बांधून तिथले पाणी मुरूडला आणले आहे. झाडी इतकी दाट की भर दुपारी अंगावर शहारा येतो. मलिक अंबरची नहर काय आणि हे गारंबी काय, राज्यकर्त्याची आठवण पाण्यावरून काढावी अशी आमची दुष्काळी खोड आहे. त्याच डोंगराच्या रांगेत फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी ते संस्थानचे शिकारीचे रान होते, १९८६ पासून अभयारण्य. शेकरू पाहायचा असेल तर सकाळी लवकर जावे. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आमच्याकडची निजामी संपली. किल्ल्यावरची कुटुंबे हळूहळू राजपुरीला आणि मुरूडला उतरली. ज्या घरांत चुली पेटत होत्या तिथे आता गवत वाढले आहे.

किनाऱ्याबद्दल लिहिताना एक गोष्ट ठळकपणे सांगणे भाग आहे. मुरूडचा किनारा लांब आणि सपाट, मागे सुरूची झाडे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. पाणी उथळ वाटते आणि तिथेच घात होतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले चौदा विद्यार्थी इथे बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. आपल्याच समाजातली ती लेकरे होती. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला नदीचा पूर कळतो, ओहोटी कळत नाही. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू काढून घेते आणि माणसाला आत ओढते.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र आपल्याला कुणाहून सोपा जावा, कारण आपले महिने चंद्राचे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चांदरात आणि चौदावी-पंधरावी यांच्या आसपास व नंतरचे दोन-तीन दिवस समुद्राला उधाण असते. सातवी-आठवी आणि एकविसावी-बाविसावीच्या सुमारास पाणी कमी चढते-उतरते, कोळी त्याला भांग म्हणतात. सहलीची तारीख ठरवताना हिजरी तारीख पाहावी आणि भांगाचे दिवस धरावेत. तरीही पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावे, आणि गुडघ्याच्या वर पाणी लागले की मागे फिरावे. किल्ल्याच्या होड्याही भरती-वाऱ्यावर चालतात. पावसाळ्यात त्या बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्ट जंजिऱ्याचा बेत करू नये. होडीतून पायऱ्यांवर उतरताना होडी वरखाली होते. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना किनाऱ्यावरच ठेवलेले बरे.

जेवणाची अडचण येत नाही. मुरूड आणि राजपुरीत कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, हलाल शोधत फिरावे लागत नाही. त्यांची बोली मराठी-कोकणीच्या घरातली, आमच्या दख्खनी उर्दूपेक्षा वेगळी. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना समजून घेण्यासाठी हातवाऱ्यांचा आधार घेतला, मग सरळ मराठीत बोलू लागलो. तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण, तळलेले बोंबील, आणि एका घरगुती खानावळीत नारळाच्या रसातले सांदण. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोटाला तांदळाची भाकरी म्हणजे नाश्ता वाटतो, एकेकाने पाच-पाच खाल्ल्या तेव्हा खानावळवाल्या आपांनी पीठ पुन्हा मळायला घेतले.

निघताना श्रीवर्धनची रोठा सुपारी घेतली आणि, बायकांचा सल्ला न ऐकता, दोन किलो सुके बोंबील. ते डिकीत ठेवले होते. टेंभुर्णीपर्यंत गाडीच्या काचा उघड्या ठेवून आलो, आणि ड्रायव्हरने बार्शीत चहाला थांबल्यावर स्पष्ट सांगितले की पुढच्या वेळी सुपारीच घ्या.